तोताराम आबांची गाय

मे महिन्यात सावद्याच्या बाजूला ऊन असं तापतं, की केळीची पानंसुद्धा मधल्या शिरेवर दुमडून घेतात आणि संध्याकाळशिवाय उघडत नाहीत. अशा उन्हात बेबाबाईनं लेकीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. बाळंतिणीला शेक पाहिजेच, मग बाहेर मे असो की डिसेंबर, असं तिचं मत होतं. आणि त्या घरात बेबाबाईच्या मताला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

तिचा नवरा तोताराम पाटील, ज्याला सारं गाव आबा म्हणायचं, बाहेर ओट्यावर हिरव्या जाळीला गाठी मारत बसला होता. पश्चिमेचा गरम वारा केळीच्या बागेत शिरू नये म्हणून ही जाळी बांधावर उभी करायची होती. हात गाठी मारत होते, पण कान दाराला लागले होते. बारशापर्यंत पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, ही त्या घरची रीत. त्यामुळे आबांनी नात पाहिली होती ती फक्त दवाखान्यात, दुपट्यात गुंडाळलेली, तीही नाकापुरतीच. बाकी सगळी नात त्यांना आवाजावरून ठाऊक होती.

आवाजाचा क्रम ठरलेला होता. आधी नात रडायची. मग बेबाबाई म्हणायची, "घे वं माय, घे तिले." मग नात गप्प व्हायची आणि मोहिनी कण्हायला लागायची. दात आवळून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून उशीत तोंड घालून कण्हायची. पण आबांच्या कानाला ते ऐकू यायचंच.

"काय झालं वं तिले?" आबांनी दाराबाहेरून विचारलं.

"काही नही. तुमी मळ्यात जा."

"काही नही त मंग पोरगी कन्हते कायले?"

"बायांचं हाये ते," बेबाबाई आतून म्हणाली, आणि बोलणं संपलं.

बायांचं आहे म्हटल्यावर आबा उठून मळ्यात गेले. आयुष्यभर ते असेच गेले होते.

पण मळ्यातही चैन पडेना. मोहिनी त्यांची एकुलती एक. बी.एस्सी. झालेली, भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी करणाऱ्या हितेंद्रला दिलेली. लहानपणी विंचू चावला तेव्हाही ही पोरगी रडली नव्हती, उलट विंचू कुठं गेला म्हणून शोधत बसली होती. ती आता उशीत तोंड घालते म्हणजे दुखणं साधं नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी जाळीचा खांब वाकडा रोवला, उपटला आणि परत वाकडाच रोवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबाबाई आपणहून ओट्यावर आली. घरचं लोणकढं तूप लावून झालं होतं. हळद लावली तर ती झोंबून मोहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. गरम फडक्याचा शेक घेऊन झाला होता. बेबाबाईचे सगळे उपाय संपले होते आणि तिला ते कबूल करायला फार जड जात होतं.

"अहो, सावद्याले जाऊन या," ती पदर तोंडाशी धरून म्हणाली. "पोरीच्या छातीले चिरा पडल्या. बाळानं वढलं की रगत येते. दवाखान्यातल्या नर्सबाईनं फोनवर मलम सांगितलं. मोहिनीनं चिठ्ठी लिवून देली, ही घ्या."

आबांनी चिठ्ठी निखारा हातावर ठेवावा तशी घेतली आणि न वाचता खिशात कोंबली.

"जावईबापूनं मोबाईलवर मांगवलं नही का?"

"मांगवलं. ते भुसावळच्या घरी येईन, चार-सहा दिवसांनी. तवर पोरीनं काय करा?"

आबांनी मोटरसायकल काढली. रस्त्यात एका निंबाखाली थांबून त्यांनी चिठ्ठी वाचली आणि चटकन घडी घातली. मोहिनीचं अक्षर पहिल्यापासून फार सुवाच्य. एवढं सुवाच्य लिहायची काय गरज होती, असं त्यांना वाटून गेलं.

सावद्याच्या मेडिकलवर कामिनी नावाची पोरगी असायची. हुशार होती, हसतमुख होती. तिच्यात एकच खोड होती. ती चिठ्ठी वाचायची आणि औषधाचं नाव मागच्या खोलीतल्या माणसाला खणखणीत आवाजात ओरडून सांगायची. आबा पोचले तेव्हा त्यांच्या पुढं शाळेतले एक गुरुजी उभे होते. गुरुजींनी चिठ्ठी हळूच पुढं सरकवली. कामिनीनं ती वाचली.

"मूळव्याधीचं मलम," ती मागं वळून ओरडली. "गुरुजी, मोठी ट्यूब देऊ की छोटी?"

दुकानातली सगळी माणसं गुरुजींकडं पाहू लागली. गुरुजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहू लागले. आबांचा हात खिशातल्या चिठ्ठीवर होता, तो तिथंच राहिला.

"बोला आबा, काय देऊ?"

"डोकं दुखते," आबा म्हणाले. "गोळी द्या."

बाहेर येऊन ते मोटरसायकलपाशी थोडा वेळ उभे राहिले. मग धीर करून परत आत गेले. तोवर दुकानात आणखी चार बाप्ये आले होते. आबांनी डोकेदुखीची दुसरी गोळी घेतली. आता खरोखरच डोकं दुखायला लागलं होतं.

गावाजवळच्या चौफुलीवर प्रेमराजचं कृषी सेवा केंद्र होतं. खतं, बियाणं, फवारणीचे पंप आणि एका कपाटात गुराढोरांची औषधं. प्रेमराज दुकानात एकटाच होता, वर्तमानपत्रानं वारा घेत. त्याला पाहिलं आणि आबांच्या डोक्यात एक विचार आला. आधी तो त्यांनाच विचित्र वाटला. पण पोरगी घरी वाट पाहत होती, आणि रिकाम्या हातानं जायचं तर बेबाबाईसमोर उभं राहावं लागणार होतं.

"प्रेमराज," आबा तराजूकडं पाहत म्हणाले, "गाईच्या सडाले चिरा पडल्या त काय लावतेत?"

"तुमी गाय कवा घेतली आबा?"

"घेतली."

"व्याली का?"

"व्याली."

"पयलारू हाये?"

"पयलारूच हाये. पयलीच खेप," आबा म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं.

प्रेमराजनं मलम काढून दिलं. बोलका माणूस तो. गिऱ्हाईक नव्हतं, वेळ भरपूर होता. "हे लावा. पन आबा, एकट्या मलमानं काही व्हनार नही. वासरू कसं पेते ते पाहा. टोकाले धरून चघळत असीन त रोज नवी चीर पडीन. तोंड चांगलं मोठ्ठं उघडू द्या, मंग आखा सड आत गेला पाह्यजे. अन् उंची पाहा. वासराले मान वाकडी करून प्या लागलं त ते वढते. मोठा जीव वाकला तरी वढते, लहान वाकला तरी वढते."

आबांनी एकेक शब्द शाळेतल्या पोरासारखा ऐकून घेतला.

घरी येऊन त्यांनी दाराच्या फटीतून पिशवी आत दिली आणि ओट्यावर जाऊन जाळी हातात घेतली. आतून मोहिनीचं हसणं ऐकू आलं. आधी खुसखुस, मग खदखदून, मग "आई गं, टाके दुखतात, हसवू नको," असं म्हणत पुन्हा हसणं. बाळंत झाल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसत होती. आबांना वाटलं, मलम लागू पडलं.

बेबाबाई खोका हातात घेऊन बाहेर आली. खोक्यावर गाईच्या कासेचं मोठं रंगीत चित्र होतं, चारही सड स्पष्ट.

"हे काय हाये?"

"मलम."

"माह्या पोरीले ढोराचं मलम आनलं तुमी? लाज नही वाटली का?"

"लाज वाटली म्हनून त आनलं," आबा म्हणाले.

एवढं खरं उत्तर तिला नवऱ्याकडून फार वर्षांत मिळालं नव्हतं. ते मलम तिनं कपाटावर, कुणाच्या हाताला लागणार नाही असं ठेवून दिलं.

तेवढ्यात दाराआडून मोहिनीनं विचारलं, "आबा, तो दुकानदार आणखी काही म्हणाला का?"

आबांनी दाराकडं पाठ केली. पाठ केली की बोलता येतं, असं त्यांच्या लक्षात आलं. "तो म्हने, वासराचं तोंड मोठ्ठं उघडलं पाह्यजे. टोकाले धरून चघळू द्यायचं नही. अन् उंची बरोबर पाह्यजे म्हने. कोनी वाकलं की वढते."

मोहिनी बाजेवर बसली होती. ती बाज आबांच्या वडिलांच्या काळातली. दोर सैल होऊन मधे इतकी झोळ पडली होती, की बसणारा माणूस खड्ड्यात जायचा आणि गुडघे छातीशी यायचे. मोहिनी त्या खड्ड्यात बसायची, बाळ मांडीत खोल जायचं, मग ती कमरेतून वाकून बाळावर ओणवी व्हायची. थोड्या वेळानं पाठ दुखली की ती सरळ व्हायची आणि बाळ तोंडातलं न सोडता खाली लोंबायचं. हे रोज घडत होतं आणि रोज बेबाबाईच्या डोळ्यांपुढं घडत होतं. पण बाळंतीण बाजेवरच बसते, तेव्हा बाजेकडं संशयानं पाहावं असं दोघींपैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

"आई," मोहिनी म्हणाली, "ही बाज बाहेर काढ."

"अन् शेक कसा घेशीन?"

"शेक पुरे झाला आई. बाहेर सूर्य आहे ना, तोच देतोय. मला चटईवर बसव तोवर."

बेबाबाई तोंडातल्या तोंडात खूप काही बोलली, पण शेगडी तिनं विझवली. बाज अंगणात आली. हे काम आबांना येत होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी सदरा काढला, बाज आडवी टाकली, पायथ्याचा दोर सोडला आणि चौकटीला पाय लावून एकेक फेर ओढायला घेतला. उन्हात दोर तापला होता. तळहात भाजत होते, दंडाच्या शिरा वर आल्या होत्या. जुना दोर दोन ठिकाणी तुटला, तिथं त्यांनी केळीच्या घडाला टेकू बांधायची नवी दोरी जोडून घेतली. दुपार कलेपर्यंत बाज अशी ताठ झाली, की वर टाकलेलं लिंबू टणकन उडालं.

बेबाबाईनं जुनी गोधडी घट्ट घडी करून मोहिनीच्या मांडीवर ठेवली आणि वर बाळ ठेवलं. बाळ आता बरोबर छातीच्या उंचीला आलं. त्याचं पोट आईच्या पोटाला लागलं. मोहिनी पाठीला उशी लावून ताठ बसली, बाळाच्या ओठावर तिनं हळूच स्पर्श केला आणि त्यानं जांभई द्यावी एवढं तोंड उघडेपर्यंत वाट पाहिली. पहिल्यांदा जमलं नाही. करंगळी घालून सोडवलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी जमलं.

"कसं वाटते?" बेबाबाईनं विचारलं.

"ओढ कमी आहे," मोहिनी म्हणाली. "पण जुन्या चिरा जळतात, आई. फार जळतात."

आता गोष्ट इथंच थांबली असती तर आबांची अब्रू वाचली असती. पण प्रेमराजच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या लताबाई झाकणाची तपेली घेऊन ओट्यापाशी हजर झाल्या.

"तोताराम भाऊ, गाय व्याली म्हने तुमची. थोडासा चीक द्या. पोरं खरवस खरवस करू राह्यले."

घरात गाय व्याली की पहिल्या दिवसांचा चीक आळीत वाटायचा, ही गावची जुनी रीत. नाही म्हणणारा माणूस कंजूष ठरतो. आतून बेबाबाई विचारती झाली, "कोनाची गाय वं लता?"

"मळ्यात हाये," आबा घाईनं म्हणाले. "तठीच व्याली. चीक... वासरानंच सारा पेला."

"सारा?"

"लय खादाड हाये ते."

लताबाई रिकामी तपेली घेऊन गेल्या आणि जाताना दोनदा वळून पाहिलं. बेबाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग कपाटावरच्या खोक्याकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

त्याच दिवशी मळ्यात केळीची कापणी होती. कापणीचा मुकादम वना आपली टोळी घेऊन भल्या पहाटेच आला होता. दोघं विळ्यानं घड उतरवायचे आणि बाकीचे खांद्यावर चुंबळीची गादी ठेवून ते ट्रकपर्यंत न्यायचे. घडाला ओरखडा पडला की व्यापारी नाक मुरडतो, म्हणून दोन घडांच्या मधे केळीची पानं अंथरली जायची. वना स्वतः घड वाहत नसे, पण त्याची नजर सगळीकडं फिरायची.

"आबा," तो गमछानं मान पुसत म्हणाला, "सारा मळा पालथा घातला. गाय दिसली नही."

"यरंडोलले पाठवली. बहिनीकडं."

"व्यालेली गाय? या उन्हात?"

"टेम्पोनं."

"अन् वासरू?"

"त्याच टेम्पोत."

वनानं मान हलवली. टोळीतली माणसं घड खांद्यावर घेऊन जाता जाता एकमेकांकडं पाहून हसत होती. आबा पानं अंथरत राहिले. एकेक घड ते तान्ह्या बाळासारखा खाली ठेवत होते. फळाला डाग पडू नये म्हणून आपण एवढं जपतो, आणि घरी पोरगी रक्त येईस्तोवर सोसतेय आणि आपण गाय एरंडोलला पाठवतोय, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांना स्वतःचाच राग आला. त्या रागात त्यांनी दुपारची भाकरी तशीच गुंडाळून ठेवली.

आबा मळ्यातून परतले तोच भुसावळहून हितेंद्र आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात कलिंगड. तोही उंबऱ्याबाहेरच थांबला. जावई असला तरी रीत त्यालाही होती. दोघं पुरुष ओट्यावर बसले आणि कलिंगडाविषयी बोलले. कलिंगडाविषयीचं बोलणं संपल्यावर पावसाच्या अंदाजाविषयी बोलले.

आत नात रडायला लागली. ती रडत राहिली. बेबाबाईचा आवाज आला, "घे वं माय." आणि मोहिनी रडत म्हणाली, "नाही आई, आता नाही. मला भीती वाटते तिची. माझ्या पोटच्या पोरीची मला भीती वाटते." मग दाराजवळ येऊन तिनं सांगितलं, "हितू, सावद्याहून दुधाच्या पावडरीचा डबा आण. आणि बाटली. मी थकले."

"आणतो," हितेंद्र म्हणाला. "आमची आईपण तेच म्हणत होती. डब्यावर वाढतात पोरं."

"वाढतात," मोहिनी म्हणाली. "मला माहीत आहे. पण मला पाजायचं होतं, आबा. मला फार पाजायचं होतं."

हितेंद्रशी बोलता बोलता ती आबा का म्हणाली, ते कुणालाच समजलं नाही. आबांना मात्र लहानपणची मोहिनी आठवली. हातातून पडलेली वस्तू उचलून द्या म्हणून ती अशीच त्यांना हाक मारायची. ते उठले. "चला जावईबापू," म्हणाले.

मेडिकलवर गर्दी होती. दोघं काउंटरच्या एका कोपऱ्याला उभे राहिले. कामिनीनं दोनदा विचारलं, "काय देऊ?" आबांनी हितेंद्रकडं पाहिलं. हितेंद्रनं आबांकडं पाहिलं. मागून आलेली माणसं औषधं घेऊन गेली. खोकल्याचं गेलं, जुलाबाचं गेलं, कुणाचं तरी केस काळे करायचं गेलं. काउंटरच्या काचेखाली लहान बाळाच्या पावडरीचे डबे हारीनं मांडले होते, गुटगुटीत पोरांची चित्रं लावून.

"आबा," हितेंद्र कानाशी म्हणाला, "डबाच घेऊ. डबा मागायला सोपा आहे."

आबांनी डब्याकडं बोट दाखवायला हात उचलला. खरंच सोपं होतं. बोट दाखवायचं आणि पैसे द्यायचे, एक शब्दही लागत नव्हता. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. वना टोळीसाठी खांदेदुखीचं तेल घ्यायला आला होता. "राम राम आबा. यरंडोलची गाय कशी हाये?"

दुकानात दोघं-तिघं हसले. वर आलेला आबांचा हात खाली आला. त्यांनी घसा साफ केला.

"कामिनीबाई," ते म्हणाले, आणि आवाज एवढा मोठा निघाला की मागच्या खोलीतला माणूस ओरडायची वाट न पाहता बाहेर आला. "माही पोरगी बाळंतीन हाये. पाजता पाजता तिच्या छातीले चिरा पडल्या, रगत येते. त्याचं मलम द्या. ढोराचं नको, मानसाचं पाह्यजे."

"म्हंजे गाय..." वना म्हणाला.

"गाय नही. गाय कवाच नव्हती. मले लाज वाटली म्हनून मी पोरीची गाय केली."

कामिनी हसली नाही. मागं वळून ओरडलीही नाही. ती स्वतः स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून एक छोटी ट्यूब काढून आणली. "पाजून झालं की दर वेळी थोडंसं लावायचं, आबा. आधी तिचं स्वतःचं दूध दोन थेंब लावून वाळू द्या, मग हे. हे बाळाच्या तोंडात गेलं तरी चालतं, पुसत बसायचं नाही. पाजायच्या आधी कोमट फडकं, नंतर गार. हळद लावू नका. आत मऊ सुती कापड ठेवा, ओलं झालं की बदला. आणि ताप आला, छाती लाल होऊन गाठ आली, तर थांबायचं नाही. सरळ दवाखान्यात न्यायचं."

"आखं परत सांग," आबा म्हणाले. "जावईबापू, तुमीबी ऐका."

हितेंद्र कानांपर्यंत लाल झाला होता, पण त्यानं ऐकलं. शेवटी त्यानं स्वतः एक प्रश्नही विचारला, कोमट म्हणजे किती कोमट. प्रश्न विचारून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्यानं आणखी दोन विचारले.

ते निघणार तोच वना काउंटरपाशी सरकला. जमिनीकडं पाहत म्हणाला, "बाई, तेच एक मले बी द्या. आमच्या सुनेले महिना झाला. तिची सासू म्हनते, सारेच सोसतेत." मागं उभा असलेला एक अनोळखी माणूस कुणाकडं न पाहता म्हणाला, "माह्यासाठी बी एक बाजूले ठेवा." कामिनीनं मागच्या माणसाला सांगितलं, "अजून दोन काढ." या वेळी ती अगदी हळू आवाजात बोलली.

डबा काचेखालीच राहिला.

घरी बेबाबाईनं आबांचं धुऊन धुऊन मऊ पडलेलं धोतर काढलं आणि कात्रीनं त्याच्या गोल घड्या कापल्या. आबांनी पाहिलं, पण एकदाही हे कोणतं धोतर म्हणून विचारलं नाही. ताठ बाज, घट्ट गोधडी, गार फडकं, ते मलम आणि वाट पाहायची सवय, असं सगळं मिळून काम करायला लागलं. लगेच नाही. पहिला दिवस मोहिनी तशीच कण्हली. दुसऱ्या दिवशी फक्त सुरुवातीला. आणि मग एका सकाळी आबा ओट्यावर चहा पीत असताना आतून मोहिनी नातीशी बोलताना ऐकू आली. पाजता पाजता ती तिला भुसावळच्या रेल्वेगाड्यांची नावं सांगत होती, मधेच थांबत नव्हती. आबांनी कपातला चहा गार होऊ दिला.

लताबाईंनाही एव्हाना खरं कळलं होतं. त्या परत आल्या, या वेळी तपेली भरून. कुणाच्या तरी गोठ्यातल्या चिकाचा खरवस होता, वेलदोडा घातलेला. "बाळंतिनीले द्या," म्हणाल्या, "अन् गाईच्या मालकालेबी." आबांनी तो ओट्यावर बसून सगळ्यांदेखत खाल्ला.

बारशाच्या आदल्या दुपारी मोहिनी आणि नात दोघी झोपल्या होत्या. अंगणात मांडवाचं कापड फडफडत होतं. बेबाबाई हातात ती ट्यूब घेऊन बाहेर आली. शेवटापर्यंत पिळलेली, खालून गुंडाळत आणलेली. तिनं ती उलटसुलट पाहिली, वास घेतला.

"अहो," ती म्हणाली, "हे तवा भेटत व्हतं का हो?"

"कवा?"

"मोहिनीच्या वक्ती. मले बी असंच झालतं. तिच्याहून जास्त. तोंडात पदर धरून पाजलं मी तिले."

आबा ते दिवस आठवायला लागले. याच ओट्यावर ते तेव्हाही बसत होते. बारशाला किती माणसं आली होती, केळीला काय भाव मिळाला होता, सगळं आठवत होतं. पदर धरलेली बेबाबाई तेवढी आठवत नव्हती.

"भेटत असीन," ते म्हणाले. "मी इचारलंच नही."

बेबाबाईनं दार हळूच लोटलं. मग ती येऊन त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली. रस्त्यानं माणसं येत-जात असताना नवऱ्याशेजारी अशी ती आजवर कधी बसली नव्हती.

"मंग आता इचारा," ती म्हणाली.

"काय?"

"कसं झालतं ते."

आणि आबांनी विचारलं.